खिडकीतली काच

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

घरात तंबाखूचा वास येतो. आज खात्री झाली. कामावरून आले, दार उघडलं आणि चप्पल काढायच्या आतच तो नाकात शिरला. उग्र, करपलेला. धम्मदीपला विचारलं तर म्हणाला, "मला नाही येत." आई म्हणाली, "खालच्या गल्लीत कोन तरी बिड्या वडत आसंल." दोघंही इतक्या पटकन बोलली की मलाच वाटलं, आपलं नाक बिघडलंय. तसं ते थोडं बिघडलंही आहे. गेल्या आठवड्यापासून चहाचा वाससुद्धा सोसत नाही.

पण तंबाखूच्या बाबतीत मी गप्प बसणारी नाही. आमच्या लग्नात पंचशील झाल्यावर मी स्वतः माईक घेतला होता. पाचव्या शीलात दारूबरोबर तंबाखूही येते, असं सांगून सगळ्या मांडवाला हात वर करून व्यसनमुक्तीची शपथ दिली होती. धम्मदीपच्या आजीनेही हात वर केला होता. आणि माझा बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी आईने बोपोडीच्या पुलावरून मिश्रीचा डबा नदीत टाकला. आमच्या घरातली पहिली पदवी आणि पहिली व्यसनमुक्ती एकाच दिवशी झाली, असं मी कॉलेजच्या भाषणात सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे.

पाषाणचं हे घर आम्ही डिसेंबरात भाड्याने घेतलं. दादाकडे दौंडला आईचा जीव रमत नव्हता, म्हणून तिला इथे आणलं. घर लहान आहे, पण आपलं आहे. त्यात हा वास मला नको.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मंगळवारी धम्मदीप घरून काम करतो. मी भोसरीला लॅबमध्ये असते, म्हणून मंगळवारी घरात काय होतं ते मला कुणी सांगेल तेवढंच कळतं.

आज आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काल ती उत्कर्षा आल्ती. लई गुणाची पोर हाय."

धम्मदीप काल तिच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. विचारल्यावर म्हणाला, "अगं, तिचं इंटरनेट बंद होतं. बाणेरला तर राहते. आली, कॉल घेतला, गेली."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

उत्कर्षा त्याच्या टीममध्ये आहे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते हिंजवडीत, कंपनीसमोरच्या टपरीवर. एका हातात चहा, दुसऱ्या हातात सिगारेट. मी बघतेय हे दिसलं तरी तिने हात मागे नेला नाही. उलट हसून म्हणाली, "तूच का कल्याणी? धम्मा सारखा तुझ्याबद्दल बोलतो." त्याला धम्मा मी म्हणत नाही. आई म्हणते, आणि ही.

तिची आजी बी.ए. होती. टीमच्या जेवणात ती म्हणाली होती, "आमच्याकडे सगळेच शिकून शिकून वाया गेलेत." सगळे हसले. धम्मदीप सगळ्यात जास्त. मीही हसले, पण जरा उशिराने. शिकून वाया जाणं हा विनोद आहे, हे कळायला मला वेळ लागला.

हॉलमध्ये माझ्या पदवीची फ्रेम आहे. आईने बनवून घेतलेली, सोनेरी कडांची. काल ती उत्कर्षाने पाहिली असेल.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज घरमालकीण सरुबाईंना विचारलं. त्या खालच्या मजल्यावर राहतात. पूर्वी इथे त्यांचंच शेत होतं. मी विचारलं, आधीच्या भाडेकरूंपैकी कुणी सिगारेट ओढायचं का? धुराचा चिकट थर भिंतीवर वर्षानुवर्षं बसून राहतो. वरून रंग दिला तरी वास बाहेर येतोच.

त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या घरात? दोन नर्सबाया ऱ्हायच्या हितं. त्यांनी साधा उदबत्तीचा धूर केला न्हाई कवा. तुम्ही शिकल्याली मानसं भितीला बी नाक लावून बघता व्हय?"

त्यांचे स्वतःचे दात मिश्रीने काळे आहेत. एकदा त्यांच्याशी नीट बोलायला हवं. हल्ली दुपारी त्या आईकडे वर येऊन बसतात, त्यामुळे आईला सोबत होते. म्हणून अजून काही बोलले नाही.

दिवसभर भिंती पुसल्या. सोडा, व्हिनेगर, गरम पाणी. हॉलमध्ये फडका साधारण पांढराच राहिला. स्वयंपाकघरात खिडकीजवळ मात्र पिवळट तपकिरी झाला. फोडणीचं तेल असेल म्हणून वास घेतला. तेल नव्हतं. मी मोरीत धावले आणि ओकले.

आई पाठ चोळत म्हणाली, "बास कर आता. चिंच चोख जरा." मग माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, बघ, या धुराने किती त्रास होतो माणसाला. तिने चिंचेचा डबा पुढे सरकवला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

धम्मदीपच्या बॅगेत चार्जर शोधत होते. पुढच्या कप्प्याच्या शिवणीत चिमूटभर तंबाखू सापडली. बोटांत चुरडली तर तोच वास.

त्याच्यासमोर तळहात धरला. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "टपरीवर उभा असतो ना सगळ्यांबरोबर. उडून पडली असेल."

"बंद कप्प्यात?"

"कल्याणी, मी तंबाखू खात नाही, ओढत नाही. शपथेवर सांगतो."

खरं बोलत होता. तो खोटं बोलला की कान लाल होतात, आणि कान लाल नव्हते. म्हणजे तो ओढत नाही. मग दुसऱ्या कुणाची तरी वस्तू तो आपल्या बॅगेत ठेवतो. त्याने ओढली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. त्यावर मी भाषण करू शकले असते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आमच्या लॅबमध्ये मसाल्यांतली भेसळ आणि पाणी तपासतात. पण निकोटिन ओळखणं आमच्या यंत्राला अवघड नाही. अनिरुद्ध सरांना विचारलं, सरावासाठी घरचे नमुने लावू का? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "लावा. लोक घरून डबा आणतात, तुम्ही भिंत आणा."

व्हिटॅमिन सी घातलेल्या पाण्यात कापूस भिजवून तीन ठिकाणी भिंत पुसली होती. हॉल, झोपायची खोली, स्वयंपाकघराची खिडकी. तुलनेसाठी एक स्वच्छ जागा हवी होती, म्हणून पदवीची फ्रेम उतरवून तिच्या मागची भिंत पुसली. तिथे काहीच नाही. हॉलमध्ये किंचित. खिडकीजवळ भरपूर.

सरांनी आलेख पाहिला. "तंबाखू आहे."

"म्हणजे सिगारेट."

"मी तंबाखू म्हणालो. बिडी, सिगारेट, चिलीम, हे यंत्राला कळत नाही. कुणाची, हेही कळत नाही. तुमचा चेहरा बघून सांगतो, तुम्हाला तेच हवंय."

पुणेरी माणूस. त्यांना काय कळणार? सिगारेट ओढणारा माणूस खिडकीशीच उभा राहणार. स्वयंपाकघरातून धूर बाहेर जातो, हे पाहुण्या बाईलाही समजतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

धूर जुना की नवा, हाच खरा प्रश्न होता. म्हणून काचेच्या स्वच्छ पट्ट्या केल्या आणि खिडकीच्या वरच्या कडेला, आईचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, एक लावली. ती मंगळवारी दिवसभर ठेवून संध्याकाळी काढली आणि बुधवारसाठी दुसरी लावली. तिसरी अजून तिथेच आहे.

बुधवारच्या काचेवर नावापुरतं. मंगळवारच्या काचेवर, सरांच्या शब्दांत, "तंबाखूचं दुकान."

निकाल हातात घेऊन मी लॅबच्या जिन्यात बसले. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. माझं नाक खोटं नव्हतं. मग तो आनंद घशाशी आला आणि उलटी झाली.

घरी आईने विचारलं, "तुझी पाळी कवा झाल्ती गं?" मी म्हटलं, ताणाने पुढे गेली असेल, तू नको त्यात लक्ष घालू. उत्कर्षाच्या मंगळवारांबद्दल मी विचारू लागले तर आई लगेच धुणं वाळत घालायला गेली. तिला सगळं माहीत आहे. माझ्या संसारासाठी ती जावयाला पाठीशी घालतेय. बायका असंच करत आल्या आहेत.

आणि ती उत्कर्षाला गुणाची म्हणते. माझी आई. मी पहिली आले तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती, "जेवून घे."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज पोट दुखतंय सांगून दुपारीच निघाले. स्कूटर कोपऱ्यावर लावली आणि पलीकडच्या फुटपाथवरून वर पाहिलं.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उत्कर्षा उभी होती. केस सोडलेले, कोपर खिडकीत टेकलेलं. तिच्या शेजारून धूर बाहेर येत होता. ती मान मागे टाकून हसत होती. तिच्या मागे धम्मदीप. तोही हसत होता. मी रोज त्या खिडकीत भांडी घासते, तेव्हा माझ्यामागे कुणी असं उभं राहत नाही.

आई दिसली नाही. तिला खाली सरुबाईंकडे पाठवलं असणार.

वर जावं असं वाटलं. पण पाय उलटे वळले. पाषाण तळ्यापर्यंत गेले आणि जलपर्णीकडे बघत बसले. माझ्याकडे पुरावा आहे, डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तरी मला एवढंच आठवत होतं की तिचं कोपर किती सहज टेकलं होतं, जणू घर तिचंच आहे.

संध्याकाळी घरी गेले. भाकरी खाल्ली. उत्कर्षाला मेसेज केला, रविवारी जेवायला ये. तिचं लगेच उत्तर आलं, "मावशींचं मटण असेल तर नक्की!" मावशी.

रविवार, २ मार्च

आज लिहिलं नाही तर उद्या मी हे माझ्या बाजूने लिहीन.

जेवणं झाली. उत्कर्षाने ताटातला रस्सा शेवटपर्यंत पुसून खाल्ला. ठेचा घेऊन सरुबाईही वर आल्या होत्या. मी हात धुऊन आले आणि निकालाचा कागद तिच्यासमोर ठेवला.

"स्वयंपाकघराच्या खिडकीत निकोटिन सापडलंय. मंगळवारी."

तिने शांतपणे वाचलं. "अरे वा. माझं मंगळवारचं पंचांगच काढलंस की."

"तू माझ्या घरात सिगारेट ओढतेस?"

"तुझ्या घरात मी पंखासुद्धा विचारून लावते, कल्याणी."

"मी पाहिलंय तुला. खिडकीत. धूर येत होता. हा मागे उभा होता."

तिने कागद खाली ठेवला. मग तिने वर पाहिलं. धम्मदीपकडे नाही, आईकडे. आईशीसुद्धा हिचं काहीतरी आहे, हे बघून माझं डोकं फिरलं.

धम्मदीप म्हणाला, "मी ओढतो. माझं आहे ते सगळं. तिला सोड."

त्याचे कान लालभडक झाले होते. मला ते दिसत होतं, तरी मी फक्त "तिला सोड" एवढंच ऐकलं.

जे ठरवून ठेवलं होतं ते बोलले. "आई, बॅग भर. आपण दादाकडे जातोय. मी परत येणार नाही." माझी बॅग कालच भरून दाराआड ठेवली होती. धम्मदीप उठायला गेला आणि तसाच अर्धवट उभा राहिला.

आई उठली. हात पदराला पुसले. मला वाटलं, बॅग भरायला गेली. पण स्वयंपाकघरातून तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं, मग लायटर. आणि तो वास आला. गेला महिनाभर मी शोधत होते तो, तस्साच.

मी आत गेले. दौंडहून येताना तिने एक काळा तवा आणला होता, माझ्या तव्यावर भाकरी होत नाही म्हणून. तो गॅसवर होता. त्यावर मिश्रीसाठी तंबाखूची पानं चुरलेली. ती उलथन्याने हलवत होती, आणि धूर तिच्या डोक्यावरून सरळ खिडकीकडे, माझ्या काचेकडे जात होता. माझी आई बुटकी आहे. खालच्या रस्त्यावरून ती खिडकीत दिसतच नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "धर तुझी काच."

तिने गॅस बारीक केला.

"धम्मानं बिडी सुदीक वडली न्हाई कवा. आन् ती पोर हितं नुस्ती उभी ऱ्हाती. म्हन्ती, मावशी, तुमच्या मिश्रीच्या धुरावरच माझी तलफ भागती."

दारातून सरुबाई म्हणाल्या, "आगं बाई! येवढ्यावरनं नवरा सोडत हुतीस व्हय? माझी बी डबी हितंच भरती की."

उत्कर्षाला हसू आलं. तिने ते दाबलं. धम्मदीप खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसत होता की रडत होता, मला कळलं नाही.

सोमवार, ३ मार्च

बॅगेतले कपडे धम्मदीपने कपाटात परत लावले. मी नको म्हटलं नाही.

त्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"कुणी सांगायचं तुला? मांडवात सगळ्यांना हात वर करायला लावलेस. माझी आजी शपथ घेताना बोलत का नव्हती, माहितेय? तोंडात मिश्री होती."

मग हळूहळू सगळं सांगितलं. आईने मिश्री कधी सोडलीच नव्हती. नदीत टाकला तो डबा रिकामा होता. दौंडला वहिनी भाजू देत नव्हती, म्हणून तिचा जीव रमत नव्हता. इथे आल्यावर एकदा तिची दाढ ठणकत होती, ती कोपऱ्यात बसून रडत होती, तेव्हा त्याने विचारलं. तिने सांगितलं. तेव्हापासून तो ऑफिसमधून येताना वाट वाकडी करून खडकीला जातो आणि तिच्या जुन्या ओळखीच्या दुकानातून तंबाखूचं पान आणतो, आणि तो घरी असतो त्या मंगळवारी ती आठवडाभराची मिश्री भाजते. आम्ही खडकीला बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा बाबाही त्याच दुकानातून आणायचे. हे तिने त्याला सांगितलंय. मला माहीत नव्हतं.

"तिने तुला सांगितलं," मी म्हटलं.

"मी विचारलं म्हणून."

मीही विचारते. रोज विचारते, आई, जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरी आहेस का. पण मला ती फक्त "व्हय" म्हणते.

उत्कर्षाला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे. पण तो रिपोर्ट फ्रेम करून लाव, पदवीशेजारी." मग जरा थांबून, "मावशींना काही बोलू नकोस हं. घाबरतात तुला." माझ्या आईशी कसं वागावं, ते मला ही सांगणार. "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर उशी आपटली.

ती सिगारेट ओढते म्हणून तिचा राग येत होता, असं मी याच वहीत लिहिलंय अशी माझी समजूत होती. पान उलटून पाहिलं. तसं कुठेच लिहिलेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज ठरवून दुपारची सुट्टी घेतली. आईला कालच सांगितलं होतं, "तू भाज. मी काहीही म्हणणार नाही." तंबाखूबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ती सुटायलाच हवी, आणि मी ती सोडवीन. पण आधी तिने ती माझ्यासमोर भाजावी. जे उत्कर्षाने पाहिलं, जे सरुबाई नेहमी बघतात, ते मला का दिसू नये?

आई आधी तयारच होईना. मग तवा ठेवला. पानं चुरली. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, जिथे उत्कर्षा उभी राहते तिथेच. कोपर टेकून पाहिलं. खिडकीचा कठडा मला टोचतो.

पहिला धूर निघाला. मला मळमळलं, पण मी गिळलं. आईने मान वर केली. तोंडाकडे नाही, माझ्या सगळ्या अंगाकडे बघितलं, बाजारात वांगी निरखते तसं. म्हणाली, "बाजूला हो."

"नाही. मी थांबणार आहे."

"बाजूला हो म्हन्ते ना."

"उत्कर्षाला म्हणतेस का असं?"

"तिची गोष्ट येगळी हाय."

आणि तिने गॅस बंद केला. पानं अर्धीच भाजली होती. तवा मोरीत नेऊन त्यावर पाणी ओतलं, चर्र झालं. मग तांदळाच्या डब्यातली पुडी काढली आणि सगळी कचऱ्यात टाकली. खिडकी सताड उघडली, पंखा लावला.

"आता ह्या घरात भाजायची न्हाई," ती म्हणाली. "कवाच न्हाई."

"माझ्यामुळे?"

"व्हय. तुझ्यामुळंच." आणि हसली. मग फडक्यातून एक कैरी काढली, मीठ-तिखट लावून माझ्या हातात दिली, गालावरून हात फिरवला आणि लगबगीने खाली सरुबाईंकडे गेली. जिन्यातच तिचा आवाज चढला होता. थोड्या वेळाने खालून दोघींचं हसणं ऐकू आलं.

ज्या गोष्टीसाठी मी शपथा दिल्या, भाषणं केली, ती आज झाली. आईने तंबाखू टाकली. या वेळी पुडी भरलेली होती. मला आनंद व्हायला हवा.

पण उत्कर्षा उभी असली की आई पानं शेवटपर्यंत भाजते, बोलत, हसत, अगदी काळी होईपर्यंत. मी उभी राहिले तर विझवते. तिची गोष्ट येगळी हाय. मी मुलगी आहे, आणि मला धुराच्या बाजूला हो म्हणतात.

खिडकीवरची काच काढून ठेवली. आता ती तपासायची नाही. रात्रीचं जेवण नको वाटतंय. कैरी मात्र सगळी खाल्ली.